सूर्याचा वाकडा किरण

केप कॉड, ऑक्टोबर १८२८

तीर्थरूप बाबांना लेम्युएलचा नमस्कार.

बाबा, जिंकलो! तुम्ही चेरीच्या लाकडात कोरून दिलेल्या सूर्यावरून लोखंडी साचा ओतून आला. पण त्यात फुंकलेले काचेचे पहिले पाच पेले सुरकुतले. आमच्या काचकारखान्याचे हॉक्सी मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाले, "बापाला सांग, खुर्च्याच कोर म्हणावं!"

साचा थंड होता, एवढंच. टाकाऊ काच आत फुंकून फुंकून मी तो तापवला आणि सहावा पेला फुंकला. साचा उघडला, तर काचेवर सूर्य लख्ख उमटलेला! हॉक्सींनी फुंकनळीवरचा पेला उजेडात निरखला आणि चक्क टोपी काढली.

मला जरासा चटका बसलाय, आईला सांगू नका. तुमच्या हाताची थरथर कशी आहे?

कोरताना तुमची पटाशी घसरली होती ना, तो किरण प्रत्येक पेल्यावर वाकडा येतो. हॉक्सी म्हणाले, "साच्यात कानस मारून सरळ करू." मी म्हणालो, "हात लावाल तर खबरदार!"

तो सहावा पेला पेटीत भुसा भरून त्यात ठेवून पाठवतोय. आईकडून सफरचंदाची दारू काठोकाठ भरून घ्या. हात थरथरला तर थरथरू द्या. अंगठा त्या वाकड्या किरणावर ठेवा, पेला सुटायचा नाही.

तुमचाच,
लेम्युएल