दोन आट्यांचा स्क्रू

ता. ३० ऑक्टोबर १९२७, भिसेगाव

सबंध पावसाळा ही वही उघडली नाही. आळस नव्हता. लिहिण्याजोगं काही करत नव्हतो, आणि तसं लिहायची लाज वाटत होती. क्षमा असावी — कुणी करायची, ते ठाऊक नाही.

आज वाडीवर जाऊन आलो. कशेळ्याच्या वरची ठाकरवाडी. दसऱ्यानंतर तिथल्या भागीची ठमी बिबळ्यानं नेली. सहा वर्षांची पोर, संध्याकाळी, अंगणातून. भागी उंबऱ्यात बसून होती. मी समोर उभा राहिलो तरी तिनं वर पाहिलं नाही.

वाडीचा जाणता पोशा. तो मला वाघदेवाच्या दगडापाशी घेऊन गेला. सगळी वाडी मागून आली. त्यानं शेंदरात तीन बोटं बुडवून शेंडीच्या नारळावर ओढली आणि नारळ माझ्या हातात ठेवला.

"घ्या दादा. वाडीनं दिला."

मान म्हणून दिलेली वस्तू नाकारायची कशी? घेतला, पिशवीत टाकला.

या बाजूला परवान्याची रायफल माझीच. थोरल्या भावाची, तो गेल्यावर माझ्या नावावर झालेली. अमेरिकन — खालची दांडी ओढली की नवं काडतूस चढतं. म्हणजे हे काम माझंच. बिबळ्या मारतो, असं वाडीला सांगून आलो.

ता. १ नोव्हेंबर

खिडकीतून आंब्याच्या खोडावर नेम धरून पाहिला. नेम धरायची नळीवरची खाच धुरकट. खाच नीट पाहावी तर नळीच्या टोकाचा मणी, ज्याला माशी म्हणतात, तो पुसट, माशी पाहावी तर खोड नाहीसं! चव्वेचाळिसाव्या वर्षी डोळा तिन्ही एकदम धरत नाही. आणि असल्या डोळ्यानं मी वाडीला शब्द देऊन आलो.

इलाज आहे. खाच काढून डोळ्याजवळ भोकाची चकती बसवतात. भोकाकडे पाहायचंच नाही, त्यातून पाहायचं. माशी आपोआप मध्यावर येते. कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकलो त्याचा प्रथमच उपयोग.

ता. ४

मुंबईला जाऊन आलो. बंदुकीच्या दुकानात चकतीच्या दोन तऱ्हा दाखवल्या. एक रायफलीच्या कुशीला बसते, पण तिच्यासाठी पोलादात नवी भोकं पाडावी लागतात. भावाच्या रायफलीला गिरमिट लावायला मन होईना. दुसरी घोड्यामागच्या पट्टीवर उभी राहते, हवी तेव्हा आडवी पडते. तिथं भोकं आधीचीच आहेत. ती घेतली.

दुकानदार पारशी म्हातारा. म्हणाला, "बारीक चकती कागदावर मारायला, साहेब. जनावर असेल तर चकती काढून खिशात घालायची. नुसती मोठ्या भोकाची कडी ठेवायची."

ता. ५

वाल्मिक इंजिनशेडात फिटर आहे. दुपारी घरी आला. जुनी खाच नव्या भोकाच्या आड येत होती, म्हणून आधी ती ठोकून काढली. ठोकताना तिची कड वाकली, आता ती परत बसणार नाही. मग कळलं की चकतीसोबत आलेला पुढचा स्क्रू आखूड आहे.

"साहेब, दोन आटे धरतात. दोन पुष्कळ झाले."

"हलेल."

"हलला तर माझं नाव बदला!"

नको म्हटलं. चकती केसभर हलली तर पन्नास पावलांवर गोळी कुठच्या कुठं जाईल. बिबळ्या जखमी करून सोडणं म्हणजे वाडीवर आणखी संकट. मापाचा स्क्रू पाठवायला मुंबईला लिहिलं. तोवर रायफलीवर जुनी खाचही नाही नि नवी चकतीही नाही. पण बरोबर तेच केलं ना?

ता. ६, रविवार

सुंदरानं सोड्यांचं कालवण केलं होतं. वाडीचा नारळ वापरला, गोड निघाला. दोनदा वाढून घेतलं. चकती हातात घेऊन जेवायला बसलो, त्यावरून बोलली — "त्या भोकातून एखादा पक्षकार येताना दिसतो का तेही बघा. आठवडाभर कुणी फिरकलं नाही."

ता. १२

स्क्रू नाही. वाडीचा कमळ्या कोर्टाच्या दारात उभा. "पोशाबा इचारतोय, बंदूक झाली का?"

"झाली रे. एक स्क्रू यायचाय."

"येकच खिळा?" त्याला हसू आलं. "आमी सुंभानं बांधतो, दादा."

मीही हसलो.

ता. १५

स्क्रू आला! वाल्मिकनं बसवला. लोधिवलीला चुलत भावाकडे येऊन खाणीत कागद लावला. बारीक चकतीतून काय दिसतं! माशीचा कण न् कण. गोळ्या तळहाताएवढ्या जागेत, फक्त किंचित वर. उद्या उंची उतरवून पुन्हा पाहीन. एवढं साधल्यावर अर्धवट का सोडावं?

ता. १७

आवडी गेली.

ता. १८

आवडी पोशाची सून. परवा दुपारी गवत कापायला गेली, विळा भाऱ्यापाशी सापडला. बाकीचं लिहवत नाही. ती गवतात होती तेव्हा मी लोधिवलीला चकती एक रेष खाली करत होतो. चांगली दुपार होती.

ता. २०

काल वाडीखाली मचाणावर बसलो. खाली बोकड. ऊन असेतो बोकडाचं शिंगसुद्धा स्वच्छ दिसत होतं. दिवस बुडाला आणि भोकात काही उरलं नाही. काळं. बोकड ओरडायचा एकदम थांबला. खाली कुणीतरी श्वास घेत होतं, मला ऐकू येत होता! मग पारशी आठवला. चकती फिरवून काढू लागलो, बोटं गारठलेली, ती निसटली आणि खाली दगडावर टण्णकन वाजली. झुडपं हलली. संपलं.

हे मला सांगितलेलं होतं. लिहूनही ठेवलं होतं, याच वहीत.

ता. २१

काल पहाटे मचाणावरून उतरलो तेव्हा खाली पोशा उभा होता. चकती शोधून त्यानं धोतराला पुसली, माझ्या हातात दिली. त्याच्या घरात सुतक आहे.

"येक इचारू, दादा? राग नका धरू. तुमच्यानं होत नसंल तर नारळ परत द्या. आमी लाकडाचा सापळा लावू. कवाच लावला असता."

"मग लावला का नाही?"

"नारळ तुमच्याकडं हाय ना. देवापुढं ज्यानं नारळ घेतला, जनावर त्याचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाय. आमी तुमची वाट बघत व्हतो."

म्हणजे सगळी वाडी, हातात सापळ्याचं लाकूड असताना, माझ्या स्क्रूसाठी थांबली होती. आवडीसुद्धा.

"तोच नारळ लागतो?"

"त्योच. दुसरा देव घेत नाय. तो आला नाय तर आमचं हात बांधलेलं."

"आणून देतो," म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

काल घरी येऊन सुंदराला विचारलं. "तो होय? अहो, सोड्यांच्या कालवणात गेला. शेंदूर धुऊन फोडला. तुम्हीच तर दोनदा घेतलंत!" करवंट्या चुलीत गेल्या.

काल रात्री आणि आज दिवसभर हाच विचार. खरं सांगितलं तर सापळा लागत नाही. जनावर माझं राहतं, आणि मला ते मारता येत नाही. भागीला धाकटा मुलगा आहे. खोटं करावं तर ज्यांनी देवापुढं माझ्यावर भरवसा टाकला त्यांच्या देवालाच फसवायचं. माझा त्या दगडावर विश्वास नाही, पण म्हणून हे सोपं होत नाही. उलट नीचपणा वाढतो.

दिवे लागल्यावर

वाडीवरून आत्ता निरोप आला, सकाळी बिबळ्यानं बोकड नेला. घराच्या दारापासून.

उद्या : कशेळ्याच्या बाजारात शेंडीचा नारळ घेणे. शेंदूर देवघरात आहे.