रत्नपूरचा दरबार, अगदी ओरिजिनलप्रमाणे

७ सप्टेंबर
आजपासून लिहायचं ठरवलं. कुणाला दाखवायला नाही, पण मनातलं कुठेतरी ओकायला हवं. श्रीरंगला प्रमोशन मिळालं. माझ्याहून लहान आणि आता माझा मॅनेजर. अमेरिकेत, चँडलरला आल्यापासून मी एकच काम करतोय: चिप व्हॅलिडेट करणं. स्पेकमध्ये, म्हणजे चिपच्या लेखी आराखड्यात, लिहिलंय तेच चिप करते ना, हे बघायचं. स्पेकमध्ये नाही तो बग. माझ्या हातून आजवर एकही बग सुटलेला नाही. याची किंमत कुणाला आहे?

संध्याकाळी इशिताला बॅलेच्या शाळेत सोडलं. नोव्हेंबरच्या शोमध्ये 'रत्नपूरचा दरबार' हा जुना रशियन बॅले आहे आणि इशिताला त्यात सोलो मिळालाय. त्याचा व्हिडिओ एक डिसेंबरच्या आत कॉलेजच्या डान्स प्रोग्रॅमला प्रवेशासाठी पाठवायचा. लहानपणापासून पायाची बोटं सोलून घेतली पोरीने, त्याचं चीज झालं.
तिच्या टीचर मिस लोरेन म्हणाल्या, या बॅलेचं मूळ नोटेशन, म्हणजे स्टेप्स चिन्हांत लिहून ठेवलेले कागद, एका युनिव्हर्सिटीने ऑनलाइन टाकलेत. आज नाचतात ते त्याच्यापासून फार लांब गेलंय म्हणे.
म्हणजे स्पेक आहे! आणि कुणीही व्हॅलिडेट केलेलं नाही.

१५ सप्टेंबर
नोटेशन शिकलो. वीकेंड पुरला. लोक यात पीएचडी कसली करतात कोण जाणे.
पायांची चिन्हं भरपूर, हातांची जवळजवळ नाहीतच. निष्कर्ष: त्या काळी हात हलवत नसत. मिस लोरेनना सांगितलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

२५ सप्टेंबर
संगीताचंही तेच. जुन्या स्कोअरवर लिहिलेला टेम्पो आजच्या जवळजवळ दुप्पट आहे. पियानो वाजवणाऱ्या बाईंना तसा वाजवायला लावला. मुली धापा टाकत खाली बसल्या, एकीला उलटी झाली. ओरिजिनल मुलींचा स्टॅमिना चांगला असणार. पिझ्झा नव्हता तेव्हा.
हिमानी म्हणाली, तू इशिताच्या सोलोपुरतं बघ, बाकी त्यांचं त्यांना करू दे. लग्नाला वीस वर्षं होत आली, पण माझं काम हिला कधी कळलंच नाही.

६ ऑक्टोबर
पालकांच्या कमिटीपुढे प्रेझेंटेशन. मध्ये प्रश्न नकोत, शेवटी घेऊ, असं आधीच सांगून टाकलं. शेवटी वेळ उरला नाही. 'मूळ रूपात प्रथमच, आणि तेही चँडलरमध्ये' या स्लाइडला टाळ्या पडल्या. श्रीरंगही होता, त्याची नेत्रा याच शाळेत आहे. त्यालाही वाजवाव्या लागल्या.
ठरलं: नोटेशनमध्ये आहे ते परत आणायचं, नाही ते काढायचं. नोटेशनमध्ये हत्तीची मिरवणूक आहे. आणायची. प्रोग्रॅमवर नाव येईल, 'रिकन्स्ट्रक्शन: उल्हास देवस्थळी'. वर का खाली, ते बघतो.

१३ ऑक्टोबर
छोटा इश्यू. इशिताच्या सोलोच्या जागी नोटेशनचं पान कोरं आहे. संगीत आहे, स्टेप्स नाहीत. म्हणजे सोलो नंतर कुणीतरी घुसडलाय. बग.
हिमानी म्हणाली, कुणाला कळणार आहे, गप्प बस. पण मी गप्प बसलो तर श्रीरंगमध्ये आणि माझ्यात फरक काय? सगळ्या पालकांना ईमेल केली. पाच मिनिटांत श्रीरंगचा रिप्लाय: 'ग्रेट कॅच, उल्हास.' ऑफिसात कधी म्हणाला नाही.

१५ ऑक्टोबर
सोलो कॅन्सल. हत्तीला वेळ कमी पडत होता, तो तिथून मिळाला.
इशिताला समजावलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे, पुढे तुला बापाचा अभिमान वाटेल. ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा." समजूतदार आहे. हिमानी जेवली नाही. अ‍ॅसिडिटी असेल.

२७ ऑक्टोबर
इशिता आता हत्तीच्या झुलीचा गोंडा धरून चालणार. घरात माझ्याशी बोलत नाही. रोलमध्ये शिरली असावी.
मिस लोरेनना सहज विचारलं, बाकीचीही काही पानं कोरी कशी? त्या म्हणाल्या, सगळ्यांना येत होतं ते कोण लिहून ठेवणार? हातांचंही तसंच. आणि त्या पानाच्या जागी मुख्य नर्तकी स्वतःच्या पसंतीचा सोलो नाचायची, दर वेळी वेगळा, म्हणून ते कोरं.
हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, कमिटीत हात वर केला होता.
शुक्रवारपर्यंत मी सगळ्यांना तसं लिहिलं तर सोलो परत घेता येईल म्हणाल्या. ईमेल ड्राफ्ट केली. 'माझी चूक झाली' हे जरा नीट लिहायला हवं. त्या लिस्टवर श्रीरंगही आहे. उद्या पाठवतो.

३० ऑक्टोबर
ऑफिसात नव्या चिपचं रिलीज, वेळ नाही. ड्राफ्ट पॉलिश केला.

३ नोव्हेंबर
शुक्रवार गेला. नाहीतरी इशिताने प्रॅक्टिस सोडलीच होती, तिलाच तितकंसं नको असणार. तिने एकदा म्हणायचं तरी, बाबा, पाठवा. मी लगेच पाठवली असती.

९ नोव्हेंबर
कापडी हत्तीत शिरायला कुणी तयार नाही. कमिटी म्हणाली, ज्याने हत्ती आणला त्यानेच बघावं. दोन माणसं लागतात. पुढे श्रीरंग, कारण तो उंच आहे. मागे मी, वाकून, त्याची कंबर धरून. तसा सगळा तोल मागच्यावरच असतो.
प्रोग्रॅम छापून आला. रिकन्स्ट्रक्शनची ओळ नाही. शेवटच्या पानावर 'हत्ती' आणि पुढे आम्हा दोघांची नावं. त्याचं आधी.

१७ नोव्हेंबर
काल शो झाला. हिमानीने मिरवणुकीचा व्हिडिओ फॉरवर्ड केला. कॉलेजला पाठवायला आता एवढंच आहे.
चार वेळा बघितला. टेम्पो बरोबर. श्रीरंगचा पाय दोनदा चुकलाय, माझा एकदाही नाही.
इशिता दिसत नाही. ती झूल धरून पलीकडच्या बाजूने चालत होती. कॅमेऱ्याच्या आणि तिच्या मध्ये, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मी आहे.