खांद्यावरचं औषध

सान्तियागो, ११ मे

प्रिय ऑदिलिया,

तू आणि तुझी आई बऱ्या असाल. तिकडे चिलोए बेटावर पाऊस लागलाच असेल. आम्ही दोघं ठीक आहोत. आपल्या अम्पारोचा पुढचा दात पडला, तो पावाबरोबर पोटात गेला म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. दुकानात जुने सोफे दुरुस्तीला आलेत. खिळे उपसून बोटं सोलली. शेजारी काम करणाऱ्या निबाल्दोचं तोंड काही थांबत नाही. "काय एलिसेओ, औषध बंद झालं, आता तरी मिशी फुटते का?" मी म्हटलं, "मिशी होतीच, तू आपल्या टकलाचं बघ."

परवा दवाखान्यात शेवटची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "अभिनंदन! शुक्रजंतू पूर्वीइतकेच झाले. तुम्हाला काही कायमचं झालेलं नाही." मी आभार मानले आणि बाहेर बाकावर कितीतरी वेळ बसून राहिलो.

पूर्वीसारखं म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे. बाळंतपणात बाळ गेलं, तूही जाता जाता वाचलीस. पुन्हा दिवस राहू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवस राहू नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी तुझ्या पायात रक्ताची गुठळी झाली. मग पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधक औषधाच्या त्या प्रयोगात मी नाव दिलं. रोज सकाळी खांद्यांना जेल चोळायचं. तुला आणि अम्पारोला ते लागू नये म्हणून तू ओरडायचीस, "आधी शर्ट घाल, मग जवळ ये!" आणि संध्याकाळी तूच साबणानं माझे खांदे धुवायचीस, पुसायचीस, मग तिथंच डोकं टेकायचीस. त्या वर्षी तू झोपेत हसायचीस, ऑदिलिया. मी जागा राहून ऐकायचो.

प्रयोग संपला, औषध संपलं. बाजारात ते मिळत नाही. तू उशी घेऊन अम्पारोच्या खोलीत गेलीस, मग आईचा गुडघा दुखायला लागला म्हणून तिकडे चिलोएला. गुडघा इतके महिने दुखत नाही, हे मलाही कळतं. फोनवर तू विचारलंस, "परत येऊन पुन्हा तारखा मोजत बसायचं का?" मी अम्पारोच्या शाळेचं बोलत राहिलो.

आता ऐक. काल मी माझी नसबंदी करून घ्यायची चौकशी केली. बाई म्हणाल्या, "हे मात्र परत फिरवता येईलच असं नाही. नक्की ना?" मी समोरचा कागद पुन्हा वरपासून वाचायला लागलो. मला मूल हवं होतं. अजूनही, रस्त्यात कुणाचं तान्हं दिसलं की मी वळून बघतो. हे तुला कधी सांगणार नव्हतो, कारण तू माझ्यासाठी जीव धोक्यात घातला असतास.

बाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नक्की." पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. तू नको म्हणालीस तरी मी ती बदलणार नाही.

शुक्रवारी आम्ही दोघं बसनं निघतोय. आईंना सांग, तुला न्यायला येतोय. तुझं मन नसेल तर बोटीच्या धक्क्यावर येऊ नकोस. मी लेकीला आजी दाखवून मुकाट्यानं परत फिरेन. पण ये.

तू आहेस, एवढ्यावर ज्याचं सगळं भागतं, तो तुझा
एलिसेओ