आईची डिस्क पुसली, त्याबद्दल ताईस

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (उजव्या गुडघ्याने असहकार पुकारल्यामुळे सध्या सातच अंगांचा आहे, गोड मानून घे.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बाबांबद्दल लिहायला बसलोय, तेव्हा पाठीला उशी घे आणि भावोजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, कारण पुढे तेही येणार आहेत.

तुला यातलं बरंचसं माहीत आहे, पण पहिल्यापासून सुरुवात केल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. आई गेल्यावर बाबांनी फोटो स्टुडिओ बंद केला आणि घरातले, नातेवाइकांकडचे, मिळतील तेवढे फोटो मागवून, स्कॅन करून एका डिस्कवर भरले. काळी, साबणाच्या वडीएवढी, कॉम्प्युटरला वायरने जोडायची. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नांत कॅमेरा घेऊन उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच आपल्या बायकोकडे सवडीने बघत होता, म्हणून आपण कोणी मध्ये बोललो नाही. मग अल्बमना ओल लागलीय म्हणत त्यांनी ते सगळे रद्दीत घातले. (तुझ्या लग्नाचाही त्यातच होता. तू विचारायचीस आणि मी "शोधतो" म्हणायचो, ते शोधणं आता थांबवतो.) आणि कोणी चोरू नये म्हणून डिस्कला पासवर्ड घातला. आईचे फोटो कोण चोरणार होतं कोण जाणे; पण चोरण्यासारखं घरात तेवढंच उरलंय, असं त्यांना वाटत असावं.

पासवर्ड त्यांनी कुठेही लिहिला नाही. डोक्यात ठेवला. आणि मग त्या डोक्यातलं एकेक सामान बाहेर जायला लागलं. आधी गॅस बंद करणं गेलं, मग आठवड्याचे वार, मग माझं नाव (आता मला "अहो" म्हणतात, बापाकडून मिळालेला हा मान मला पेलत नाही), आणि त्या गर्दीत केव्हातरी पासवर्डही निसटला.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं? सगळ्यांनी आपापली अक्कल चालवली. आईचं नाव झालं, तिचं माहेरचं नाव झालं, लग्नाची तारीख उलटसुलट झाली, स्टुडिओचा जुना फोन नंबर झाला. आत्याने फोन करून ठासून सांगितलं की पासवर्ड तिचं लहानपणचं लाडकं नावच असणार. ते चाललं नाही, तेव्हा ती बाबांवर रुसली. ती कशावर रुसलीय हे बाबांना कळत नाही, बाबांना कळत नाही हे तिला पटत नाही, आणि दोघांच्या मध्ये फोन धरून मी उभा. भावोजींनी एक ते सहा आकडे ओळीने टाकून बघायला सांगितले. ते आम्ही सगळ्यात आधी टाकले होते. त्यांनी स्वतःच्या बँकेला हेच घातले असतील तर आजच बदलून घे. तुझं नाव टाकलं. उघडलं नाही. माझं टाकलं, तेही नाही. (तुझं उघडलं नाही याचं मला जे समाधान झालं, ते माझं नाव टाकेपर्यंतच टिकलं.) शेवटी आपला मेलेला कुत्रासुद्धा टाकून पाहिला. दुरुस्तीवाला म्हणाला, हे कुलूप चोराला उघडत नाही, तसंच मालकालाही उघडत नाही. त्याला दोघांतला फरक कळत नाही.

इथवर हसण्यासारखं होतं. पण बाबा सकाळी चहा तसाच टाकून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसायचे ते जेवायलाही उठेनात. रोज नवीन पासवर्ड आठवायचा, रोज अगदी खात्रीचा. कॉम्प्युटर दर वेळी तेच सांगायचा: पासवर्ड चुकीचा आहे. आधी ते त्याच्याशी भांडले. मग विनवायला लागले. एकदा मी दारात उभा होतो, तर पडद्याला हात लावून हळू आवाजात म्हणत होते, "चुकलं माझं. आतून कडी काढ. किती वेळ रुसायचं?" ताई, त्यांना वाटत होतं, ती आत आहे.

मी माझ्या फोनमधले तिचे फोटो दाखवले. ते सगळे शेवटच्या आजारातले. बाबांनी फोन लांब धरून नीट बघितला आणि म्हणाले, "ही बाई फार आजारी दिसतेय हो. हिचं कोणी आहे की नाही?" आणि फोन माझ्या हातात परत देऊन पुन्हा बोटं चालवायला लागले.

डॉक्टर म्हणाले, ती वस्तू नजरेआड करा. केली. तुझ्या वहिनीने चादरींच्या घड्यांत ठेवली. बाबांनी घर उलथंपालथं केलं, वहिनीला म्हणाले, "तिला कुठे नेऊन टाकलंत?" आणि ती रडत स्वयंपाकघरात गेली तेवढ्यात दार उघडून बाहेर पडले. बसथांब्यावर सापडले. पायात एकच चप्पल. येणाऱ्या प्रत्येक बसमधून उतरणाऱ्या बायका बघत होते. मी हात धरला तर म्हणाले, "थांबा हो, ही गेल्यावर जाऊ." अशा बऱ्याच बसेस आम्ही बघितल्या. दुसरी कोरी डिस्क आणून दिली, तर हातात घेताच फेकली. जुनीच्या पाठीवर त्यांच्या हातचं आईचं नाव चिकटवलेलं आहे.

म्हणजे तीच डिस्क हवी आणि ती उघडायला हवी. उपाय एकच होता, ती फॉर्मॅट करायची. पेटी उघडेल, आतलं जाईल.

दुरुस्तीवाल्याचं दुकान जिन्याखाली आहे, आत दोन माणसं बसली तर एकाने श्वास सोडल्यावर दुसऱ्याने घ्यायचा. त्याने सगळी तयारी केली आणि माऊस माझ्याकडे सरकवला. म्हणाला, "आता ते विचारेल, सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का. तिथे हो तुम्ही करा. मी करत नाही. लोक नंतर माझ्याकडे येऊन रडतात." मी म्हटलं, मी तुमच्याकडे येऊन रडणार नाही. आणि दाबलं. मला वाटलं होतं बराच वेळ लागेल. मनाची तयारी करायला म्हणून दोन चहा सांगितले होते. पण चहावाला कप खाली ठेवेपर्यंत झालंसुद्धा. आईला जायला किती दिवस लागले होते, तुला आठवतंच. मी माझा चहा प्यायलो, मग त्याचाही प्यायलो.

घरी आणून बाबांसमोर ठेवली. त्यांनी नाव वाचलं, वायर जोडली, आणि या वेळी कॉम्प्युटरने काहीच विचारलं नाही. पडद्यावर खिडकी उघडली. पांढरी, रिकामी. बाबा टेकून बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "उघडलं की!" मग तुझ्या वहिनीला जवळ बोलावलं. "ये, बघ. ही गच्चीवर केस वाळवतेय. जरा हललीय, पण असू दे." बाणाचं बटण दाबलं. "ही चिडलीय. पिशव्या घेऊन दमलीय आणि मी म्हणतोय थांब, उजेड चांगला आहे." वहिनीने विचारलं, "आणि ही?" ताई, दुपारभर ती "आणि ही?" विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. त्यातले निम्मे फोटो कधी काढलेच नव्हते, असा माझा अंदाज. मी मागे जाऊन उभा राहिलो तर मान न वळवता म्हणाले, "अहो, बाजूला व्हा. तिच्यावर सावली पडतेय."

मी झालो बाजूला. आता ते वेळेवर जेवतात, झोपतात. म्हणजे जे केलं ते बरोबरच केलं. तू रागावशील तर रागाव, पण माझ्या जागी उभी राहून मग रागाव. जागा मोकळीच आहे.

पत्र फार लांबलं. भावोजींना माझा नमस्कार सांग आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्याकडे आईचा एखादा फोटो चुकून राहिला असेल, कोणाच्या तरी खांद्याआड अर्धी आलेली असली तरी, तर कागदावर छापून पाठव. बाबांसाठी नको, त्यांच्याकडे भरपूर आहेत. मला हवाय.

ता. क. (दुसरा, आणि हा भावोजींनाही दाखवू नकोस.) एक गोष्ट वर लिहिली नाही. पुसण्याआधी दुरुस्तीवाल्याने त्या बंद डिस्कची जशीच्या तशी बंद नक्कल काढून दिली. सोबतच्या खोक्यात मोज्यांच्या आत आहे ती. ती घरात असली की मी ऑफिसला जात नाही, दार लावून नावं टाकत बसतो. तुझ्या वहिनीने काल मला जेवायला तीनदा हाक मारली. म्हणून तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस. तुला करून बघायचं असेल तर बघ, मी नाही म्हणणार नाही. पण उघडलीच, तर फोन करू नकोस. घेऊनच ये.