ज्वारी फुलोऱ्यात असताना

सोलापूर,
ता. १३ जानेवारी १९३२

चि. नारायणास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझे व सौ. यशोदेचे कुशल कळले. आम्ही ठीक. उद्या संक्रांत. तिळाचे लाडू प्रभानेच वळले आणि वळता वळता निम्मे संपवले. लहानपणी तूही असेच करायचास.

प्रभाला गेल्या आठवड्यात जरा त्रास झाला. आता बरी आहे. शाळेच्या कुंपणापलीकडे ज्वारी फुलोऱ्यात आली की तिला शिंका, डोळ्यांना खाज आणि मग धाप. म्हणून या दिवसांत तिला मी माझ्याच वर्गात, खिडक्या लावून बसवते. मधल्या सुट्टीतही.

वेळ अमावास्येला तिच्या वर्गातल्या महादेवीच्या शेतात सगळ्या मुली जेवायला निघाल्या. मी प्रभाला नको म्हटले. महादेवीची आजी चंद्रव्वा दारातूनच म्हणाली, "पोर हाय का लोणचं, बाई? बरणीत किती दिस ठिवता?" मुली हसल्या. प्रभा हसली नाही. मला आमचे पुण्याचे कॉन्व्हेंट आठवले. पडसे आले की सिस्टर रुमालावर निलगिरीचे थेंब टाकून आम्हाला खेळायला सोडत. तसाच रुमाल प्रभाच्या नाकावर बांधला आणि तिला घेऊन गेले.

कडब्याच्या खोपीत पूजा झाली, आंबील झाली. मग मुली उभ्या ज्वारीतून पळत सुटल्या. कणसे हलली, पिवळी धूळ उडाली. रुमाल कुठे पडला कोण जाणे. बैलगाडीतून गावात आणेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते.

वर 'जरा त्रास' लिहिले आहे. खोडत नाही, पण ते खरे नव्हे.

डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा श्वास मोकळा झाला. म्हणाले, "हे दरवर्षी वाढणार. ज्वारी नाही अशा मुलखात ठेवा." तुमच्या रत्नागिरीला ज्वारी नाही. दुसरे लग्न झाल्यावर तू दोनदा तिला मागितलेस, मी दोनदा इथल्या शाळेचे नाव पुढे केले. शाळा काय, तिथेही आहे.

काल तिला सांगितले. तिने एवढेच विचारले, "तिकडे मला पळता येईल?" मी हो म्हटले. मी बरोबर येईन का, असे तिने विचारले नाही.

तिला निजायला दोन उशा लागतात. तिची आई गेल्यापासून ती मलाच आई म्हणते. तिकडे यशोदेला म्हणू लागेल, तेव्हा कोणी तिला अडवू नये. महिनाअखेर येऊन घेऊन जा. मला पोचवायला येणे जमणार नाही. रजा आहे, तरी जमणार नाही.

तुझी अक्का,
प्रभाची आत्या