ओहोटी, चिखल आणि माझी भिंत

३ मार्च
समुद्रात भराव घालून केलेल्या कचरा डेपोभोवतीची भिंत पुरी झाली. डिझाइन माझं. पोलादी पत्रे, सांध्यांत चिकणमाती. एक थेंब बाहेर जाणार नाही, असं साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. थकवा असेल.

५ मार्च
उद्यापासून टेस्ट. आत हिरवा रंग सोडायचा, बाहेरचं पाणी तपासायचं.
धाकट्या मेव्हण्याची शिंपल्यांची शेती भिंतीला लागूनच आहे. चांगली नोकरी सोडून यात पडलाय. विचारत होता, दाजी, टेस्ट होईपर्यंत माल काढायचा थांबवू का? म्हटलं, खुशाल काढ. मी बसलोय ना इथे.

६ मार्च
रंग सोडला. भरतीला नमुने घेतले. स्वच्छ!
खरं तर ओहोटीचे महत्त्वाचे. तेव्हा बाहेरचं पाणी उतरतं आणि आतलं बाहेर यायला बघतं. पण ओहोटीला बोट रुतते, चिखलातून चालत जावं लागतं. बूट नवीन आहेत. उद्या नक्की.

९ मार्च, पहाटे
ओहोटी. उठलो. खिडकीतून पाहिली. परत झोपलो.

१२ मार्च
लॅबच्या बाई विचारत होत्या, ओहोटीच्या बाटल्या कुठायत? लोकांना नसत्या चौकशा फार.
रिपोर्टात ओहोटीच्या रकान्यात ‘अपेक्षित: स्वच्छ’ लिहिलं. खोटं काही नाही. माझी अपेक्षा तीच आहे.

१५ मार्च
बायको म्हणाली, माझा भाऊ तुमच्या शब्दावर विसंबून आहे, एकदा चिखलात उतरलात तर झिजाल का? मी कूस बदलली. राग आला असता तर उत्तर दिलं असतं.
एक तारखेपासून: लवकर उठणं, व्यायाम, ओहोटी.

१८ मार्च
साहेबांनी रिपोर्टावर सही केली. अभिनंदन केलं. जेवलो, झोपलो.

२१ मार्च
संध्याकाळी मेव्हणा आला, पेढे घेऊन. पहिला माल सकाळीच हॉटेलांत गेला. ओहोटीला स्वतः गुडघाभर चिखलात उतरून काढला म्हणे.
पेढा पुढे केला तेव्हा हात दिसला. मनगटापर्यंत हिरवा. म्हणाला, दाजी, कालपासून घासतोय, साबणाने जातच नाही. कशाचं असेल हो?
बायको माझ्याकडे बघत राहिली.
म्हटलं, शेवाळं असेल.
त्याला पटलं. त्याला माझं सगळंच पटतं.