विणकर गल्लीत माझे सलोख्याचे दिवस

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.

निवड झाली. कॉलेजच्या 'शेजारस्नेह' उपक्रमात मी इंटर्न. गायधने मॅडम म्हणाल्या, भुपेंद्र, दोनच अर्ज आले होते, दोघांनाही घेतलं. असो, निवड ती निवड. दुसरी इंटर्न तेजस्विनी. मुलगी मेहनती आहे, पण व्हिजन नाही.

परिस्थिती गंभीर. भंडाऱ्यातल्या आमच्या विणकर गल्लीत अकरा विद्यार्थी खोल्या घेऊन राहतात, मला धरून. गल्लीतले जुने लोक आमच्यावर चिडलेले आहेत. रविवार, २३ तारखेला त्यांची बैठक आहे. पोरं ठेवायची, की परीक्षेच्या तोंडावर सगळ्या खोल्या रिकाम्या करून घ्यायच्या, ते तिथे ठरणार. रूम गेली तर माझी परीक्षाच बोंबलली. दिघोरीहून रोज येऊन-जाऊन बी.ए. करायचं म्हटलं तर अर्धी डिग्री एसटीलाच द्यावी लागेल.

पण मला वैयक्तिक टेन्शन नाही. माझे घरमालक मोतीलाल काका आणि राधाबाई काकू मला घरचाच समजतात. दीड वर्षात एकदाही रागावून बोलले नाहीत. खरं तर फारसे बोललेच नाहीत. विश्वास असला की बोलावं लागत नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. गल्लीत सगळ्यांना नमस्कार. दिवसाला दोन शेजारी जिंकणे.

४ फेब्रुवारी. सकाळी ९.४०.

उठलो. पाच वाजता उठणार होतो, पण जबाबदारीच्या विचाराने शरीर थकलं होतं. त्यात खाली काकांचा माग सात वाजल्यापासून खटखट करतो. नेहमीप्रमाणे चपलेने भिंतीवर तीनदा ठोकून सौम्य जाणीव करून दिली. मग परत झोप लागली.

बॅज बनवून आणला. 'भुपेंद्र, शेजार-समन्वयक'. तेजस्विनी म्हणाली, आपलं पद इंटर्न आहे. तिला म्हटलं, लोकांना धीर वाटला पाहिजे.

५ फेब्रुवारी. संध्याकाळ.

सर्व्हे सुरू. चाळीस प्रश्नांचा फॉर्म मीच तयार केला. पहिला मान मोतीलाल काकांना. काका खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. हात आणि पाय दोन्ही कामात, तोंड मोकळं. सर्व्हेला आदर्श परिस्थिती.

विचारलं, विद्यार्थ्यांबद्दल आपलं मत एक ते पाचमध्ये सांगा. काका सुताकडे बघत म्हणाले, सात. पुढचा प्रश्न. नऊ. मग अकरा, तेरा. पाचपैकी तेरा! मी लगेच लिहून घेतलं. काकू म्हणाल्या की ते नक्षीचे धागे मोजत आहेत आणि आता त्यांची मोजणी चुकली. काकू फार विनयशील आहेत.

काकांनी तेवढा भाग उसवून पुन्हा विणायला घेतला. कलाकार माणूस. समाधान म्हणून नाही.

७ फेब्रुवारी. दुपार.

तेजस्विनीबद्दल मॅडमना सांगावं का, या विचारात आहे. तीन दिवस झाले, तिने एकही फॉर्म भरलेला नाही. रोज संध्याकाळी काकूंच्या ओसरीवर बसते आणि चरख्यावर कांड्या भरते. म्हणजे मागाच्या धोट्यात सुताच्या ज्या छोट्या गुंडाळ्या लागतात, त्या. गप्पा मारते, चहा पिते, घरी जाते. याला इंटर्नशिप म्हणतात का?

मला कुणी चहा विचारला नाही. अर्थात पदावरच्या माणसाला लोक संकोचतात.

९ फेब्रुवारी, रविवार.

तेजस्विनीने तक्रारींची यादी आणली. चौदा तक्रारी, त्यांपैकी नऊ एकाच विद्यार्थ्याबद्दल. नाव लोकांनी मोठ्या मनाने सांगितलेलं नाही. हा इसम नळ चालू ठेवून निघून जातो. वरून खरकटं पाणी फेकतो, एकदा तर वाळत घातलेल्या सुतावर फेकलं. माग सुरू झाला की आतून भिंत बडवतो. बाइक दारात आडवी लावतो.

फार संताप आला. असल्या एका माणसामुळे आम्ही बाकीचे दहा जण बदनाम. शोधून काढलाच पाहिजे. माझा संशय धर्मेंद्रवर. कोपऱ्यावरच्या घरात राहतो, चेहराच तसला आहे.

धर्मेंद्रला स्पष्टपणे विचारलं. तो हसत सुटला. अपराधी माणसं अशीच हसतात.

११ फेब्रुवारी.

शांतता मोहीम. ब्लूटूथ स्पीकर घेऊन दुपारी दोन वाजता गल्लीत तीन फेऱ्या मारल्या. 'विद्यार्थी मित्रांनो, शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करू नका.' विद्यार्थी सगळे कॉलेजात होते, त्यामुळे शांतता उत्तम राखली गेली.

समोरच्या सत्यभामाबाई दार उघडून बाहेर आल्या. पहाटेपासून कामं करून त्या दुपारी तासभर पडतात, असं कळलं. मी म्हटलं, आजी, तुमच्याचसाठी चाललंय. त्यांनी दार लावलं. बराच जोरात आवाज आला, पण त्यांचं वय बघून मी नोंद केली नाही.

१२ फेब्रुवारी.

मॅडमनी स्पीकर जमा करून घेतला. म्हणाल्या, तू आता काही दिवस काहीच करू नकोस. विश्रांतीची सक्ती फक्त कष्टाळू माणसालाच करावी लागते.

१५ फेब्रुवारी.

पाचला उठण्याचा संकल्प अजून प्रक्रियेत आहे. आज पावणेनऊ. प्रगती पंचावन्न मिनिटांची. मधल्या तीन दिवसांचं विचारू नये.

बैठक आठ दिवसांवर. गल्लीत फिरलो तर लोक घरात जातात. याचा अर्थ विरोध मावळत चाललाय.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.५०.

उठलो! चार अलार्म आणि धर्मेंद्रचे दोन फोन. दीड वर्षात पहिल्यांदा इतक्या सकाळची गल्ली बघतोय. आणि काय बघतोय?

गल्ली बंद केली आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेइतक्या उंचीवर धागे ताणलेत. शेकडो, कदाचित हजारो. मध्ये मध्ये बांबूच्या काठ्या अडकवलेल्या, दोन्ही टोकांना खुंट. बाइक काढायला जागा नाही. हे गेल्या दीड वर्षात मी कधी पाहिलं नाही, म्हणजे आजच सुरू झालंय. बैठकीआधीच आमची नाकाबंदी.

जवळ जाऊन हात लावला. धागे चिकट आहेत. म्हणजे विद्यार्थी अडकून पडावेत अशीही सोय. इतक्या थराला जातील असं वाटलं नव्हतं. सूत मोतीलाल काकांकडचं दिसतं. त्यांच्यावर दबाव आलेला असणार.

आसपास कुणी नाही. सगळे चहाला गेलेत. भांडण नको, पोलीस नको. शेजार-समन्वयक म्हणून हा अडथळा मी स्वतः, शांतपणे आणि सन्मानाने दूर करणार.

सकाळी ७.३०.

काम फत्ते. आधी मधल्या काठ्या एकेक करून ओढून काढल्या आणि भिंतीला नीट टेकवून ठेवल्या. मग एका टोकापासून सगळं गुंडाळत आलो. आम्ही दिघोरीला बैलगाडीचा दोर गुंडाळतो, तसंच. बाबांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. छान घट्ट गोळा झाला, कलिंगडाएवढा. काकांच्या ओसरीवर ठेवला. वर चिठ्ठी: 'आपली वस्तू परत. राग नाही. आपला, भुपेंद्र.'

सकाळी ८.१५.

काहीतरी गैरसमज झालाय.

दुपारी १.

सविस्तर लिहितो. खाली आरडाओरड नव्हती, तेच विचित्र वाटलं. उतरून बघितलं तर मोतीलाल काका पायरीवर बसलेले, मांडीवर तो गोळा. काकूंनी डोळ्याला पदर लावलेला. मान वर न करता काका एवढंच म्हणाले, "तुले इतक्या सकाळी उठाले कोनं सांगतलं होतं, बाप्पा?"

बाकीचं तेजस्विनीकडून कळलं. ती पाजणी होती. मागावर चढवण्याआधी ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांना, भाताची खळ लावून, गल्लीभर ताणून, वाळवतात. इथे पिढ्यान्‌पिढ्या, दर आठ-दहा दिवसांनी, कुणाच्या ना कुणाच्या घरची असते. दहा माणसं लागतात, नऊ वाजेपर्यंत सगळं आवरलेलं असतं. त्या बांबूच्या काठ्यांमुळे दोन हजार धागे आपापल्या क्रमाने राहतात. काठ्या काढल्या की क्रम गेला. ओल्या खळीत गुंडाळलं की धागे एकमेकांना चिकटले. चार साड्यांचा ताणा होता.

म्हटलं, पण काठ्या मी मोडल्या नाहीत, व्यवस्थित टेकवून ठेवल्यात. ती म्हणाली, "भुपेंद्र, आता गप्प बस."

मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

१८ फेब्रुवारी.

सकाळपासून गल्लीत सतरंज्या अंथरल्यात. धर्मेंद्र आणि बाकीचे नऊ जण कॉलेज बुडवून आलेत. गोळा भिजवून, खळ सोडवून, एकेक धागा मोकळा करायचा आणि तुटलेला गाठ मारून जोडायचा. सत्यभामाबाई पोरांना गाठ शिकवताहेत. विणकराची गाठ इतकी बारीक असते की बोटाला लागत नाही. धर्मेंद्रला तिसऱ्या प्रयत्नात जमली. आजींनी त्याची पाठ थोपटली.

मीही बसायला गेलो. सगळे एकदम उभे राहिले. काकू म्हणाल्या, तू तिकडे पायरीवर बस बेटा, कशाले हात नको लावू. तर मी पायरीवरून पर्यवेक्षण करतोय.

१९ फेब्रुवारी.

पर्यवेक्षण चालू. पोरं आणि म्हातारी माणसं खांद्याला खांदा लावून बसलीत. काका पोरांना सांगत होते की त्यांचे वडील जत्रेच्या दिवशीही माग बंद ठेवत नसत. धर्मेंद्रने गाणं लावलं, काकांनी आवाज वाढवायला सांगितला. दुपारी काकूंनी सगळ्यांना भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण वाढलं. माझं ताट पायरीवर आलं, तेजस्विनीच्या हातून.

अहवालासाठी टिपण: माझ्या पुढाकारामुळे विद्यार्थी आणि शेजारी प्रथमच एकत्र आले. हे नियोजनाशिवाय होत नाही.

२१ फेब्रुवारी.

अडीच साड्यांचा ताणा वाचला. दीड साडीचा गेला. पोरांनी ठरवलं, पुढच्या पाजणीला दोन्ही टोकं तेच धरणार. गल्लीतल्या लोकांनी ठरवलं, पाजणीच्या दिवशी बाइक सत्यभामाबाईंच्या अंगणात लावायच्या. तक्रारींच्या यादीतल्या पाच तक्रारी आपोआप निकालात. उरलेल्या नऊ त्या एका इसमाबद्दलच्या. तो अजून सापडलेला नाही.

काकांना सॉरी म्हणायला गेलो. चार वेळा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. पाचव्यांदा म्हणालो. काका मागावरून म्हणाले, झालं ते झालं. मी विचारलं, काही मदत करू का? ते चटकन मागातून उठले आणि ताण्यासमोर उभे राहिले.

२३ फेब्रुवारी, रविवार. रात्र.

बैठक झाली. मी भाषण तयार करून नेलं होतं, सहा पानी. संधी मिळाली नाही. गल्लीतले सर्वांत वडीलधारे भय्याजी उभे राहिले, दोन मिनिटांत विषय संपवला. पोरं चांगली आहेत, गल्लीचीच आहेत, राहू द्या. टाळ्या. मी सर्वांत जोरात वाजवल्या. डोळ्यांत पाणी आलं. वीस दिवसांच्या मेहनतीचं चीज झालं.

मग भय्याजी म्हणाले, "दहाच्या दहा पोरं राहू द्या."

मी हात वर करून म्हटलं, भय्याजी, अकरा आहेत.

धर्मेंद्र जमिनीकडे बघत होता. मग मोतीलाल काका उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. दीड वर्षात पहिल्यांदा. म्हणाले, "तू मनानं खराब नाहीस, बाबू. पन मले माग चालवा लागते ना."

खोलीत येऊन यादी पुन्हा काढली. नळ. खरकटं पाणी. भिंत. नऊच्या नऊ तक्रारी वाचल्या. दोनदा वाचल्या. भिंतीवर चपलेचे ठसे आहेत, माझ्या मापाचे.

धर्मेंद्रने माझी चप्पल वापरली असण्याची शक्यता मी तपासून बघितली. चप्पल त्याला बसत नाही.

२५ फेब्रुवारी.

कारध्याला खोली मिळाली. नदीच्या पलीकडे. एकटंच घर आहे, आजूबाजूला कुणी नाही. तेजस्विनीने शोधून दिली.

१ मार्च, शनिवार. रात्र.

आज सामान हलवलं. मला वाटलं होतं एकट्याला करावं लागेल. पण सकाळी सात वाजता दार वाजलं, बाहेर अख्खी गल्ली. दहाच्या दहा पोरं, काका, काकू, भय्याजी, सत्यभामाबाईसुद्धा. जिन्यावर रांग लावली, या हातातून त्या हातात गादी, पेटी, पुस्तकं, बादली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. सत्यभामाबाईंनी स्वतः झाडू मारला. अकरा मिनिटांत खोली रिकामी. इतकं सुंदर सहकार्य मी कुठे बघितलेलं नाही.

गायधने मॅडमही आल्या होत्या. त्यांनी फोटो काढला आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकला. उपक्रमाच्या अहवालाचं मुखपृष्ठ तेच आहे. खाली ओळ: 'विद्यार्थी व शेजारी एका कुटुंबासारखे.' सगळे हसताहेत, काकासुद्धा, आणि सगळे एकाच दिशेला हात हलवताहेत.

फोटोत मी नाही. त्या दिशेला ऑटो होता, त्यात होतो.